आळीचं दुसरं तोंड

माझा नवरा रोह्यात पाच वर्षं नगरसेवक होता, हे मी आता हसत सांगते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर हातातलं लाटणं फेकून मारलं असतं.

हे मूळचे ओडिशाचे. समुद्राच्या बाजूचं गाव, भातशेती, बाकी काही नाही. विशीत असताना चुलत्याबरोबर पेणला आले, गणपतीच्या कारखान्यात कामाला. कारखाना होता जोह्याला आणि मालक होते माझे वडील. साच्यातून मूर्ती काढायची, वाळली की घासायची, उचलून फळीवर ठेवायची, असलं काम. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. मी चहा घेऊन जायचे आणि मुद्दाम चुकीचं शिकवायचे. एकदा हे माझ्या आईला भलतंच काहीतरी बोलून बसले आणि शिव्या मी खाल्ल्या. पुढचं सांगत बसत नाही. लग्न केलं, वडिलांनी दार लावून घेतलं आणि आम्ही रोह्याला आलो. धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत यांना काम लागलं, आधी कंत्राटावर, मग कायम.

राहायला मिळाली ती कंपनी आळी. तिचं खरं नाव काहीतरी वेगळं आहे, पण गावात सगळे कंपनी आळीच म्हणतात, कारण तिथं राहणारे सगळे कुठून कुठून कंपनीत कामाला आलेले. कोणी बिहारचे, कोणी आंध्रचे, कोणी विजापूरकडचे. मी एकटीच तिथली रायगडची. पण मासळी बाजारात कोळीण विचारायची, "कुठची गो तू?" मी म्हणायचे, "जोह्याची." तिचा चेहरा खुलायचा. "नि ऱ्हातेस कुठं?" कंपनी आळी म्हटलं की चेहरा परत पहिल्यासारखा. मग वाट्यातला एक बोंबील कमी व्हायचा, हे माझं आपलं म्हणणं. हे म्हणतात, तुला उगाच वाटतं.

आता पालखीचं सांगते, कारण सगळं तिथूनच झालं.

दसरा झाला की ग्रामदैवताची पालखी गावात फिरते. ज्याच्या त्याच्या दारात सडा, रांगोळी, तोरणं. पालखी आली की बाया भोयांच्या पायांवर पाणी घालतात, देवाला ओवाळतात. ज्यांची पोरं मुंबईला असतात तीही त्या दिवशी घरी येतात. एवढं सगळं गाव ती फिरते, पण आमच्या आळीच्या तोंडावरून सरळ पुढे जायची. आम्ही बायका ताटं घेऊन नाक्यावर जायचो आणि दुसऱ्याच्या दारात, त्यांची ओवाळणी झाली की मागून हात लांब करून ओवाळायचो. त्या घरच्या बाईनं कधी वाईट शब्द काढला नाही, पण आपण तिच्या रांगोळीवर पाय देतोय असं सारखं वाटायचं.

यांना हे फार लागायचं. म्हणायचे, "आमच्याकडे देव वर्षातून एकदा घरातून बाहेर येतो, रस्त्यावर. ज्यांना आत जाता येत नाही त्यांना भेटायला. इथं पण येतो. फक्त आम्हाला सोडून जातो." मी म्हणायचे, जाऊ द्या हो, घरातल्या देवाला हात जोडा. पण माणूस आतल्या आत कुढत होता.

नगरसेवक व्हायची हौस यांना नव्हती, असं मी म्हणणार नाही. आळीतलं गटार तुंबलं की हेच काठी घेऊन पुढं. कोणाला दवाखान्यात न्यायचं, कोणाचा नळ कापला, शिफ्ट करून आलेला माणूस तसाच परत बाहेर. आळीची मतं भरपूर, ती कोणाच्या तरी हातात जायला हवीत, म्हणून एका पक्षानं यांना तिकीट दिलं. गावात लगेच सुरू झालं, आता बाहेरचे आपल्यावर राज्य करणार. माझे वडील इतकी वर्षं बोलत नव्हते, ते पेणहून एसटीनं आले, खाटेवर बसले आणि यांना म्हणाले, "उभा ऱ्हायलायस तर पडू नकोस. मला जोह्यात तोंड दाखवायचंय." मी आत जाऊन रडले. तेवढं एक चांगलं त्या निवडणुकीनं केलं.

बाकी घोटाळा झाला तो सभेच्या दिवशी. सभा कसली, नाक्यावर एक टेबल आणि कर्णा. मी घरात भाकऱ्या थापत होते. गटार बोलून झालं, दिवे बोलून झाले, लोक टाळ्या वाजवत होते. आणि कर्ण्यातून आवाज आला, "मला निवडून द्या, मी पालखी आपल्या आळीत आणीन." माझ्या हातातली भाकरी फाटली. बाहेर एवढा गलका झाला की विचारू नका. हे घरी आले तेव्हा मी तव्यासारखी तापले होते. म्हटलं, "नळाचं बोला, दिव्याचं बोला. देवाचं कशाला बोललात? देव काय नगरपालिकेत कामाला हाय?" हे पाय धुता धुता म्हणाले, "तोंडातून निघून गेलं." पण ते तोंडातून नव्हतं गेलं, पोटातून गेलं होतं. मला ठाऊक होतं.

निवडून आले. आणि आमच्या घराचा धर्मशाळेसारखा वापर सुरू झाला. उजाडायच्या आत दारावर थाप. मेलेलं कुत्रं उचलायला माणूस पाठवा. शेजाऱ्याच्या पागोळीचं पाणी माझ्या भिंतीवर पडतं. मुलाला दाखला पाहिजे, सुनेला समज द्या. एकदा एक बाई आली, म्हणाली नवरा बोलत नाही. मी म्हटलं, माझापण बोलत नाही, त्याला वेळ कुठंय. यांनी कामं मात्र केली. गटार झाकलं, दिवे आले, आळीला काँक्रीट झालं. कंपनीतली शिफ्ट सांभाळून केलं. पण कुठंही गेले तरी आळीतली माणसं शेवटी एकच विचारायची, पालखी कधी?

हे पालखीच्या मानकऱ्यांकडे गेले. वृद्ध गृहस्थ, शांत. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं की पालखी आल्या वाटेनं मागे फिरत नाही. एका तोंडानं आत शिरते आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर पडते. गावातल्या सगळ्या आळ्यांना दोन तोंडं आहेत. तुमच्या आळीला एकच. दुसरं तोंड दाखवा, पालखी येईल.

हे घरी आले ते आनंदात. म्हणजे आम्ही बाहेरचे म्हणून पालखी येत नव्हती असं नाही, आळी बंद म्हणून येत नव्हती. मी म्हटलं, आळी बंद का हाय ते बघा आधी.

आळीच्या शेवटी पत्र्याचं कुंपण होतं आणि त्याच्या पलीकडे मास्तरांचं परस. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या घराचं पुढचं दार पलीकडच्या आळीत, गावच्या माणसांच्या आळीत. मागे परसात दोन माड, शेवगा आणि अळू. त्या अळवात त्यांची बायको दुपारची पाट टाकून बसायची. पत्र्याला एक फट होती, तिच्यातून आमचं देणंघेणं चालायचं. ती वालाचं बिरडं द्यायची, मी तिला कधी पखाळ खायला घातला, म्हणजे सासरचा पाण्यातला भात. तिनं तोंड वाकडं केलं आणि सगळा खाल्ला.

मला विचारलं असतं तर मी फटीतून बोलले असते. पण नगरसेवक झालेला माणूस बायकोला विचारतो होय? यांनी नगरपालिकेतून मोजणीवाला आणला. मास्तरांच्या परसातून, घराच्या कडेनं रस्ता काढायचा, पलीकडच्या आळीला जोडायचा, कागदोपत्री अगदी बरोबर. मास्तर दुपारचे झोपले होते. उठून बाहेर आले तर अळवातून पांढऱ्या फक्कीची रेघ गेलेली.

मास्तर बनियनवर उभे होते. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "मारलीस तशी पूस." हे म्हणाले, "मास्तर, देवाच्या कामासाठी आहे." मास्तर म्हणाले, "देवानं पाठवलंय तुला? मग त्याला सांग, मी घरी हाय." आणि आत गेले. मास्तरांच्या बायकोनं फटीत फडका कोंबला. त्या दिवसापासून बिरडं बंद.

मग पुढं काय, तेच. नोटीस, हरकत, सभेत आरडाओरडा, बाहेरचा माणूस गावच्या माणसाची जागा खातो. मास्तरांनी आयुष्यात कधी राजकारण केलं नव्हतं, पण पुढच्या निवडणुकीत यांच्या विरोधातल्या पक्षाची टोपी घालून घरोघर फिरले. एसटीतला माणूस, अख्ख्या तालुक्याला तिकिटं फाडून दिलेली, सगळे ओळखणार. आमच्या आळीतसुद्धा लोक म्हणू लागले, पाच वर्षं झाली, पालखीचं काय झालं? हे पडले, आणि चांगले सपाटून पडले.

निकालाच्या दुपारी मी देवापुढे साखर ठेवली. यांनी पाहिलं. म्हणाले, "मी हरलो." मी म्हटलं, "म्हणूनच ठेवली." दुसऱ्या दिवशी दारावर कोणी थाप मारली नाही. मी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहिले. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, जसं काही पाहुणे जाऊन घर पुन्हा आपलं झालं. पण बाजूला बघितलं तर हे छताकडे बघत होते. खुर्चीचं दुःख त्यांना नव्हतं, असं म्हटलं तर खोटं होईल, थोडं होतं. खरं दुःख होतं ते एकाच गोष्टीचं, की आता पालखी कधीच येणार नाही.

पावसाळा सरता सरता फटीतला फडका निघालेला दिसला. मग एका सकाळी वाटी आली, वालाचं बिरडं. मी वाटी धुऊन लगेच परत दिली नाही. विचार करत बसले. आमच्या जोह्याला आई सांगायची, देवाचं काही मागायला जायचं तर हात रिकामा नको. मी वाटीत गूळ घातला, पिशवीत नारळ घेतला, आणि फटीकडे न जाता सगळा वळसा घालून पलीकडच्या आळीतून मास्तरांच्या पुढच्या दारात गेले. यांना सांगितलं नाही.

मास्तर ओटीवर बसले होते. मी नारळ पुढे ठेवला नि म्हटलं, "मास्तर, तुमचं भांडण कोणाशी होतं?"

"नगरसेवकाशी."

"तो आता नाय. त्याच्याकडं टेप नाय, फक्की नाय, खुर्ची नाय. मग आता भांडण कोणाशी हाय?"

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "बस गो." मग सुपारी कातरत बसले. माझा पारा चढायला लागला होता. मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला वाटतं, मी देवाची वाट अडवली. अगो, मी त्या पालखीला खांदा दिलाय, पोरगा होतो तेव्हापासून. देवाला मी कशाला नाय म्हणीन? पण नगरपालिकेला वाट दिली की ती नकाशावर जाते. देव एक दिवस जाईल, टेम्पो रोज जातील. ही बाय त्या अळवात बसते, ती कुठं बसेल?"

मास्तरांची बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला एकदम पटलं. राग होता तो कुठं गेला कळलं नाही. म्हटलं, "मला रस्ता नको. मला एका दिवसाची वाट पाहिजे. पालखी गेली की पत्रे परत लावा, मी स्वतः धरीन."

"नकाशावर नाय?"

"नाय."

"तो नगरसेवक असता तर मी दिली नसती."

"ठाऊक हाय."

"आता तो काय नेणार हाय माझं?" असं म्हणून मास्तरांनी नारळ उचलला आणि बायकोच्या हातात दिला. मी वाटेत पदराला डोळे पुसत आले. मास्तर दुसऱ्या दिवशी स्वतः मानकऱ्यांकडे गेले. मानकरी म्हणाले, दुसरं तोंड आहे ना, मग प्रश्न कुठंय.

त्या दसऱ्यानंतर आमच्या आळीनं काय केलं नाही ते विचारा. झाडून धुऊन काँक्रीट आरशासारखं केलं. रांगोळ्या कशा घालायच्या यावरून भांडणं. आंध्रची बाई तांदळाच्या पिठाची घालणार, मी म्हटलं घाल बाई, देवाला पीठ कळत नाही. मास्तरांच्या बायकोनं अळू कापून वाट केली आणि कापलेल्या पानांच्या वड्या करून आळीभर वाटल्या. मास्तरांनी दोन पत्रे काढून माडाला टेकवले. हे मात्र सकाळपासून काही खात नव्हते. सारखं म्हणत होते, येईल ना? मी म्हणत होते, येईल. आणि दर थोड्या वेळानं नाक्यावर जाऊन बघून येत होते.

दुपारी ढोल ऐकू आले. पालखी नाक्यावर आली आणि आळीच्या तोंडाशी थांबली. इतकी वर्षं सरळ जायची सवय. पुढच्या भोयानं मान वर करून बघितलं आणि विचारलं, "पुढं वाट हाय ना?" आळीतली सगळी मागे वळून कुंपणाकडे बघायला लागली. मी तर ताट घट्ट धरून उभी. एवढ्यात आळीच्या दुसऱ्या टोकाकडून, उघड्या कुंपणातून मास्तरांचा आवाज आला, अगदी एसटीत ओरडत असतील तसा, "हाय, हाय. चला पुढं."

पालखी वळली. माझा जीव भांड्यात पडला. ओडिशाला सासूबाईंनी मला शिकवली होती ती हुळहुळी, शुभकार्यात बायका जीभ हलवून काढतात तो आवाज, माझ्या तोंडातून आपोआप निघाली. भोई दचकले. मग एकजण हसला आणि म्हणाला, होऊ द्या. दारोदारी पालखी थांबली. प्रत्येकीनं आपापल्या रीतीनं ओवाळलं. कोणाला मागून हात लांब करावा लागला नाही.

हे कुठं होते? दिव्याच्या खांबाच्या मागे. सगळ्यांच्या पुढे चालायचं ज्यांनी ठरवलं होतं ते खांबाच्या मागे उभे राहून रडत होते. पालखी कुंपणापाशी आली तेव्हा मास्तरांनी हाक मारली, "ओ माजी. लपता काय? खांद्याला या." एका भोयानं खांदा काढला, यांनी लावला. मास्तरांच्या परसातून, अळवाच्या मधून, पलीकडच्या आळीपर्यंत यांनी पालखी नेली. मी मागून बघत होते.

संध्याकाळी दोघांनी मिळून पत्रे परत लावले. मास्तर खिळा धरत होते, हे ठोकत होते. फट तेवढी ठेवली.

तेव्हापासून दरवर्षी असंच. करोनाची वर्षं सोडली तर पालखी चुकली नाही. दसऱ्याच्या आधी हे मास्तरांकडे नारळ घेऊन जातात, दरवर्षी नव्यानं विचारतात, आणि मास्तर दरवर्षी थोडा भाव खातात. मास्तर आता थकलेत. यांना आता गावात पालखीवाले म्हणतात. बाजारात माझ्या वाट्यात बोंबील पुरते असतात, हेही माझं आपलं म्हणणं.

मधली काही वर्षं नगरपालिकेवर प्रशासक होता. परवा निवडणूक लागणार असं ठरलं आणि पक्षाची माणसं घरी आली. सोफ्यावर बसली, मोबाईल टीपॉयवर ठेवले. "या वेळी सीट पक्की," म्हणाले. "गावची मतंसुद्धा तुम्हालाच. आणि निवडून आलात की पहिलं काम, त्या परसातून कायमचा रस्ता. मास्तरांचा मुलगा पुण्याला, तो काय अळू लावत बसणार आहे? सही करील. मग दरवर्षी हातापाया पडायला नको."

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. हात थांबला. मला माझा नवरा माहीत आहे. खुर्ची त्याला आवडली होती. साहेब म्हटलं की अजून कान टवकारतात. परत ती पहाटेची थाप, परत ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मग यांचा आवाज आला. "मी उभा राहिलो, तर मास्तर पत्रे काढणार नाहीत."

"अहो, मास्तरांचं एक मत."

"मताचं नाही बोलत. पालखी यायची आहे."

माणसं बराच वेळ समजावत होती. पुन्हा येतो म्हणून गेली. मी दोन कप चहा घेऊन बाहेर आले, हसू की रडू कळत नव्हतं. म्हटलं, "बरं केलंत." यांनी कप घेतला. मागच्या दारातून कुंपणाकडे बघत म्हणाले, "पत्रे गंजलेत. यंदा काढले की परत नवेच लावू."